डोळ्याला लावलेला प्रसाद

अर्धी वाट सरली तेव्हा रत्नम्मा पहिल्यांदा थांबली. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर टेकून तिनं डावा पाय मांडीवर घेतला आणि तळवा वर करून बघू लागली. बाभळीचा काटा शिरून आतच मोडला होता. सोबतच्या सुकन्याबाईंनी पदराची पिन काढून पुढं केली.

"चपला घाला आता, मावशी. पिशवीत हायेत तुमच्या, मला दिसल्यात."

"त्या येतानाच्या. जाताना न्हाई घालायच्या, तसंच बोललेय मी देवाला."

"काटा मोडल्यावर देव काय म्हणणार हाय का?"

"त्यो न्हाई म्हणणार. मीच म्हणीन."

काटा निघाला. रत्नम्मानं त्या जागी चिमूटभर माती दाबली, लुगडं सारखं केलं आणि पुन्हा चालू लागली.

चाकूरहून वडवळच्या नागनाथाला पायी, अनवाणी, पाच सोमवार. हा तिसरा. शेजारच्या दामिनीच्या उजव्या डोळ्यासाठी तिनं हा नवस बोलला होता, आणि ते आता गल्लीत, भजनी मंडळात, बसस्टँडवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. सुकन्याबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या आणि लातूरच्या एका पेपराच्या रविवारच्या पुरवणीत साध्यासुध्या माणसांवर लिहायच्या. त्यांना दिवाळीची सुट्टी होती. "मावशी, तुमच्यावर लिहिते," असं त्या तीनदा म्हणाल्या आणि तीनही वेळा रत्नम्मानं विषय बदलला. चौथ्यांदा बाई काही न विचारता पहाटे पाण्याची बाटली घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. दारात आलेल्या माणसाला परत पाठवायची रत्नम्माची रीत नव्हती.

दोन्ही अंगांना तूर फुलावर आली होती. सोयाबीन निघालेल्या रानात हरभऱ्याची पेरणी चालली होती. मागून एक मोटारसायकल आली आणि हळू झाली. बियाण्याच्या दुकानातला उमाशंकर होता.

"शरणार्थ, मावशी. बसा की मागं. नागनाथ काय रस्त्यावर येऊन बघून राहिला का?"

"त्याला बसल्या जागी दिसतंय, बाबा. तू जा."

"बाई, हे लिहा बरं तुम्ही," उमाशंकर सुकन्याबाईंना म्हणाला. "सख्खी मावशी करत न्हाई एवढं. आमची मावशी माझ्या लग्नात मांडवात जेवली, तर तिनं तिथं बी चपला काढल्या न्हाईत."

"चोरीला गेल्या असत्या तर तूच आणून दिल्या असत्या काय नव्या?" बाई म्हणाल्या. तो हसत निघून गेला. बाईही हसल्या. रत्नम्मा मात्र मान खाली घालून चालत राहिली, जणू काही तिला कुणीतरी चारचौघांत बोललं होतं.

रत्नम्मा मूळची देगलूरकडची. तिच्या माहेरच्या गावात आई कानडीत रागवायची, बाजारात तेलुगू चालायची आणि शाळेत मराठी. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तिन्ही भाषा तोंडात बसल्या. पंधराव्या वर्षी चाकूरला आली. नवरा धोंडप्पा मोंढ्यात मापाडी होता, काट्यावर धान्य तोलायचा. मोजकं बोलणारा माणूस. नऊ वर्षांपूर्वी बसल्या जागी गेला. मुलगा अमरेश पुण्यात कंपनीत आहे, रविवारी फोन करतो, "जेवलीस का" विचारतो. ती एरवीही जेवलेलीच असते, कारण रोज पहाटे चारला उठून ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापते. लातूरला क्लासला ठेवलेल्या पोरांना गावाकडून एसटीनं डबे जातात, त्यातल्या निम्म्या डब्यांत रत्नम्माच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. भाकरी तव्यावर टाकण्याआधी अंघोळ आणि लिंगपूजा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची आणि नजर त्याच्यावर ठेवून बसायचं. त्यानंतर त्याच तळहातावर भाकरी. पंचेचाळीस वर्षं हे चुकलं नव्हतं.

भिंतीला भिंत लागून शिवकन्याचं घर. पुढं बांगड्यांचं दुकान, मागं घर. दामिनी तिची एकुलती एक. शिवकन्या दुकानात बसायची आणि पोरगी रत्नम्माच्या परातीशेजारी पिठात बोटं घालून मोठी झाली. गेल्या नऊ वर्षांत रत्नम्माच्या घरी संध्याकाळची चूल पेटलेली नव्हती. भिंतीपलीकडून हाक यायची, "मावशी, ताट वाढलंय," आणि ती जायची. तिला ताप आला तर शिवकन्या उशाशी बसायची, केस विंचरून द्यायची. मुलाला सुद्धा हे सगळं ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट गावाला ठाऊक होती, ती अशी.

श्रावणात मंडळाच्या बायकांची गाडी गोकर्णाला गेली. शिवकन्या जाणार होती, पण सासू न्हाणीत घसरून पडली, म्हणून आपल्या जागेवर तिनं दामिनीला बसवलं. "मावशी, पोरगी तुमच्या हवाली हाय," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दामिनी समुद्रावर गेली. तिथं वाळूत निळे निळे काचेसारखे फुगे पडले होते. फोटो काढायला तिनं एक उचलून तोंडाजवळ धरला. तो फुगा नव्हता, समुद्रातला विषारी जीव होता. त्याच्या खाली लोंबणारे दोरे तिच्या गालाला, डोळ्याला चिकटले. रत्नम्मानं उघड्या हातानं ते ओढून काढले, तिचा स्वतःचा तळहात पोळला. पुढं तिथला दवाखाना, मग लातूरचे डोळ्याचे डॉक्टर. बुबुळावर व्रण आहे, म्हणाले. सहा महिने औषध घाला, मग बघू. तोवर दामिनीला उजव्या डोळ्यानं सगळं धुक्यातल्यासारखं दिसत होतं.

दामिनी पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळायची, गोळा टाकायची. भरतीत डोळे तपासतात. शिवकन्यानं आधी मोबाइल काढून घेतला, मग मैदान बंद केलं. "देवाच्या दारात जाऊन बी हिला फोटो सुचले," असं ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची आणि सांगताना रडायची. आता उदगीरचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा बत्तीस वर्षांचा होता. रविवारी मंडळी पोरगी बघायला येणार होती.

"मावशी, एक विचारू?" सुकन्याबाई म्हणाल्या. "नवस तुम्ही त्याच दिवशी बोललात का? म्हणजे पोरीचा डोळा बघितला आणि तिथंच?"

"हे लिहायला पाहिजे का?"

"वाचणाऱ्याला वाटतं ना, कधी बोलल्या, कशा बोलल्या."

रत्नम्मानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काल शिवकन्या आली व्हती," ती म्हणाली. "नारळ घेऊन. तेलाची बाटली, वाती वळलेल्या. म्हणाली, मावशी, दिवा माझ्या नावानं लावा. आन् वाकली. पाया पडली माझ्या. मी पाय मागं घेतले तर म्हणती, घेऊ नका, तुम्ही व्हता म्हणून माझ्या पोरीचा एक डोळा तरी राहिला."

"खरंच हाय की ते."

"दामी दारात उभी व्हती. आईच्या मागं. समदं ऐकून राहिली व्हती."

"मग?"

"मग काही न्हाई. आई गेल्यावर आत आली. म्हणाली, मावशी, आईला सांगा ना, रविवारचं थोडं पुढं ढकल म्हणावं. तुमचं ऐकती ती." रत्नम्माचा आवाज खाली आला. "एवढंच म्हणाली बाई ती. दुसरं एक अक्षर न्हाई."

रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली शेतमजूर बायकांनी चूल मांडली होती, आता तिथं कुणी नव्हतं. रत्नम्मा तिकडं वळली आणि सावलीत बसली. बाईंनी पाण्याची बाटली दिली. ती तिनं हातात धरली, पण प्याली नाही.

"फोटो काढला न्हवता तिनं," रत्नम्मा म्हणाली. "मोबाइल रूमवर व्हता, चार्जिंगला."

सुकन्याबाई तिच्या शेजारी बसल्या. वर्गात एखादं पोर काही सांगायला उठलं की त्या जशा हातातलं सोडून ऐकायच्या, तशा ऐकू लागल्या.

"आम्ही दोघीच गेलो व्हतो. बाकीच्या बायकांच्या अंघोळी व्हायच्या व्हत्या. मी समुद्र कधी बघितला न्हवता, बाई. मला वाटलं व्हतं, आपल्या धरणासारखा असंल, थोडा मोठा. त्यो तर संपतच न्हाई. मी हात जोडले. आन् खाली बघितलं तर पायापाशी ते पडलेले. शिवकन्याच्या दुकानातल्या बांगडीवाणी निळे, आतून उजेड आल्यासारखे. उभे, बघा. वर टोक, खाली पसरट. मला काय दिसलं असंल तुम्हीच सांगा."

"लिंग."

"हाव. आमच्या माहेरी नदीतला गोल गोटा मिळाला तरी घरी आणतेत आन् देव्हाऱ्यात ठेवतेत. दगडाला देव म्हणायचं आन् समुद्रानं पायाशी आणून ठेवलेल्याला न्हाई म्हणायचं का? आन् बाई, दोन दिवस देवळं करून करून मी बेजार झाले व्हते. जाईल तिथं लांबून बघा, पुढं चला, हात लावू नका. एवढ्या लांब गेले आन् देवाला बोट लागलं न्हाई. मनात आलं, इथं अडवायला कुणी न्हाई. इथं त्यो आपण होऊन आलाय."

डाव्या हाताची मूठ तिनं मांडीवर आवळून ठेवली होती.

"मी पदरानं उचललं. ओल्या पदरानं, अलगद, वरचा फुगा तेवढा. म्हणून मला काही झालं न्हाई. दामीला म्हणलं, हात पुढं कर. तिनं वंजळ केली. म्हणाली, मावशी, हे गिळगिळीत हाय. मी म्हणलं, देवाला गिळगिळीत म्हणत न्हाईत. डोळ्याला लाव."

"अरे देवा," सुकन्याबाई हळूच म्हणाल्या.

"लहानपणापासून मीच शिकवलंय तिला. अंगारा असू द्या, फूल असू द्या, प्रसाद हातात आला की आधी डोळ्याला. तिनं विचार बी केला न्हाई. डोळे मिटले आन् वंजळ वर नेली. दोरे मनगटावर आले तसे तिनं डोळे उघडले, आन् उजव्या डोळ्याला..." रत्नम्मानं वाक्य सोडून दिलं. "मी पदरानं पुसत बसले. ज्या पदरात ते उचललं, त्याच पदरानं. चोळून चोळून. हातानं बी ओढलं, माझा हात पोळला ते खरं हाय. तेवढं एकच खरं हाय."

लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. सुकन्याबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली, झाकण उघडून परत दिली. रत्नम्मा दोन घोट प्याली.

"मावशी, तुम्हाला ठाऊक न्हवतं. आपल्याकडं कुणाला ठाऊक हाय समुद्रातलं? मी पाचवीला भूगोल शिकवते, मला बी ठाऊक न्हवतं. तुम्ही काय मुद्दाम केलंय का?"

"थांबा. झालं न्हाई अजून."

तिनं बाटली बाईंना परत दिली.

"तिथं एक माणूस जाळं नीट करत बसला व्हता. म्हातारा. मी वाकले तसा त्यो वरडला, मुट्टबेडी अम्मा, मुट्टबेडी. कानडीत. हात लावू नका म्हणून सांगत व्हता. दोनदा सांगितलं. दामीला कानडी येत न्हाई. तिनं विचारलं, मावशी, काय म्हणायलाय त्यो. मला समदं कळलं व्हतं, बाई. माझ्या आईची भाषा हाय ती. आन् मी म्हणलं, काही न्हाई, कुठून आलाव म्हणून विचारून राहिला."

सुकन्याबाई बाटलीचं झाकण बोटांत फिरवत राहिल्या.

"मला वाटलं, आला आणिक एक हात लावू नका म्हणणारा. राग आला मला. त्याला विचारायचं तरी, कामून रे बाबा? माझ्या तोंडात भाषा व्हती. एक शब्द विचारला असता." ती जमिनीकडं बघत होती. "दामी वरडली तसा त्यो पळत आला. माझा हात धरून बाजूला केला, पदर ओढून घेतला, समुद्राचं पाणी मारत राहिला तिच्या तोंडावर. कितीतरी वेळ. मग माझ्याकडं बघून एकदाच म्हणाला, हेळिदेनल्ला. सांगितलं व्हतं की मी. दुसरं काही बोलला न्हाई. दवाखान्यापर्यंत रिक्षात सोबत आला, बाहेर उभा राहिला आन् निघून गेला. त्याचं नाव बी विचारलं न्हाई मी."

"आणि दामिनी? तिनं खोटं कामून सांगितलं?"

"डाक्टरनं विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडलं तर रडूच यायलं. तिच्या डोळ्यावर पट्टी. ती म्हणाली, फोटो काढायला मीच उचललं. मी तिथंच खोडायचं की न्हाई? खोडलं न्हाई. गाडीत विचारलं तिला, असं कामून म्हणलीस. तर म्हणती, तुम्ही रडायला लागला व्हता, आन् मला वाटलं दोन दिवसात बरं हुईल." रत्नम्मानं पदरानं नाक पुसलं. "दोन दिवस म्हणून तिनं झाकलं. मी तीन महिने झाकून बसले. गल्लीत मला बाया म्हणायल्या, मावशी, तुम्ही जिवावर उदार झाला. मी ऐकून घेतलं. हाताला पंधरा दिवस चाबकाचे मारल्यावाणी लाल वळ व्हते. भाकरी थापता येईना. सकाळी लिंग तळहातावर घेतलं की त्या वळांवरच ठेवावं लागायचं. नजर लावून बसायचं असतं. मी डोळे मिटून बसायची."

"म्हणून हे सोमवार."

"लोकांना वाटतं पोरीसाठी. पोरीसाठी हायेतच. पण खरं सांगू का, मला वाटलं, एवढं चाललं तर सांगायचं टळंल." ती पहिल्यांदा बाईंकडं वळली. "टळत न्हाई. उलट पाया पडायल्या बाया."

सुकन्याबाई वहीवर हात ठेवून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी दोन पानं लिहिली होती. अनवाणी पाय, पहाटेच्या भाकऱ्या, शेजारधर्म. त्यांनी वही पिशवीत घातली.

"शिवकन्याला सांगायला गेला व्हता का कधी?"

"तीनदा. पहिल्यांदा ती सासूचं अंग पुसत व्हती. मी बादली धरली आन् परत आले. दुसऱ्यांदा दुकानात गिऱ्हाईक व्हतं. गिऱ्हाईक गेलं, तरी मी बांगड्याच बघत बसले. तिसऱ्यांदा कुणी न्हवतं. ती एकटी, मी एकटी. तिनं ताट वाढलं. मी जेवले." रत्नम्मा म्हणाली, "त्या घराचं दार लागलं, तर मला दुसरं दार न्हाई, बाई. अमरेशकडं पाहुणी म्हणून आठ दिवस. त्याच्या पुढं सून घड्याळ बघती. माझं घर भिंतीच्या त्या बाजूलाच हाय."

"दार लागलंच असं थोडंच हाय? शिवकन्या समजून घेईल."

"तुम्ही आई असता तर घेतलं असतं का?"

बाईंना एक मुलगी होती, नांदेडला शिकायला.

"घ्यावं बी का तिनं," रत्नम्मा म्हणाली. "पण पोरीला तर सोडंल. तिला वाटतं पोरगी बेफिकीर, हिच्या हाती काही ठेवायचं न्हाई, लौकर उजवून टाकावं. पोरीनं तर सांगितलेलं तेवढंच केलं. माझं ऐकलं म्हणून डोळा गेला, आन् आता माझ्या गप्प बसण्यापायी मैदान बी चाललं. डाक्टर सहा महिने म्हणलाय. अजून तीन बाकी हायेत. डोळा साफ झाला तर ती पळंल, न्हाई झाला तर दुसरं काहीतरी करंल, हुशार हाय. पण रविवारी सुपारी फुटली तर काय करंल?"

ऊन वर आलं होतं. वडवळची, बेट म्हणतात ती टेकडी समोर दिसत होती, अजून तासाभराची वाट होती. रस्त्यानं दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेल्या. त्यांनी रत्नम्माला ओळखलं आणि भारा सावरत एका हातानं नमस्कार केला. रत्नम्मानं हात जोडले, पण वर बघितलं नाही.

"मावशी," सुकन्याबाई म्हणाल्या, "मी हे पेपरात न्हाई देणार. काळजी करू नका. तुम्ही मला सांगितलं ते माझ्यापाशी राहील."

"तुमच्यापाशी राहण्यासाठी न्हाई सांगितलं."

"मग?"

रत्नम्मानं पिशवी पुढं ओढली. नारळ, तेलाची बाटली, वातींची पुडी बाजूला केली आणि सुकन्याबाईंच्या पिशवीतून त्यांनी नुकतीच आत ठेवलेली वही स्वतःच्या हातानं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मला लिहिता येतं थोडं. चौथी झालीय. पण हात चालत न्हाई आन् शिवकन्यासमोर जबान उचलत न्हाई. तुम्ही लिहा. म्या सांगितलं तसं, पेपरातल्यासारखं गोड करून न्हाई. समुद्र लिहा, पदर लिहा, डोळ्याला लाव म्हणलं ते लिहा. त्या म्हाताऱ्याचं लिहा, आन् मला कानडी येती हे लिहा. माझं नाव बदलू नका. न्हाईतर कुणीतरी दुसरीच बाई म्हणून मी बी ऐकून घेईन."

"आणि?"

"आन् शनिवारी संध्याकाळी माझ्यासोबत चला शिवकन्याकडं. दामीला बी बसवू. मी शेजारी बसते, तुम्ही वाचा. पहिल्यापासून." तिनं नारळ परत पिशवीत ठेवला. "मी मधीच उठून चालले, तरी तुम्ही थांबू नका. मला हाक मारू नका. शेवटपर्यंत वाचा."